वाचक क्रमांक ४१२

१

राजमाने मॅडमनी ती छापील चिठ्ठी मोठ्यानं वाचली. वाचून संपली तेव्हा संयोगिताचे ओठ पांढरे पडले होते.

"वाचक क्रमांक ४१२. पुस्तक : केबिन नंबर दोन. खूप दिवसांनी इतकी गोड प्रेमकथा वाचली. शीतगृहातला प्रसंग तर मी तीनदा वाचला. दार लागतं, ती दोरी ओढते, दोरी नुसती हातात येते, घंटा वाजतच नाही, आणि मागून तो म्हणतो, 'आता ऐकायला कुणी नाही.' असा साहेब आपल्याही नशिबी असावा, असं नोकरी करणाऱ्या कुठल्या मुलीला वाटणार नाही? ३ मार्च."

खोलीत आम्ही तिघीच होतो. राजमाने मॅडम डेअरीच्या तक्रार समितीच्या अध्यक्ष. गेल्या वर्षी शाहूपुरीच्या मुख्य कार्यालयातून इकडे आलेल्या. संयोगिता आठ महिन्यांपूर्वी दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली लागली. आणि मी सोनम, रसायनशास्त्राची पदवीधर, नोकरीला दीड वर्ष. मी तिथं साक्षीदार म्हणून होते.

एकवीस मार्चला दुपारी संयोगिता कोल्डरूममधून बाहेर आली ती मी पाहिली होती. चार अंशांत अर्धा तास उभं राहिलं तर माणूस गारठतो, हे मला माहीत आहे. पण ती उन्हात येऊन वीस मिनिटं झाली तरी थरथरत होती. पंचवीस तारखेला तिनं बंद पाकिटात अर्ज दिला. प्लँट मॅनेजर विजयसिंह यांनी नमुने दाखवण्याच्या निमित्तानं तिला आत नेलं, दार लावलं, धोक्याच्या बटणासमोर स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, "आता ऐकायला कुणी नाही." गाडी भरणाऱ्यांनी बाहेरून दार उघडलं म्हणून ती सुटली.

तेच वाक्य. अक्षरन् अक्षर तेच. आणि चिठ्ठी अठरा दिवस आधीची.

"मला निनावी पत्र आलं," मॅडम म्हणाल्या. "शाहूपुरीतल्या आक्कांच्या वाचनालयात हे पुस्तक बघा, ४१२ नंबर कुणाचा ते विचारा, एवढंच लिहिलं होतं. मी जाऊन पुस्तक आणलं. चिठ्ठी मागच्या खिशात होती. संयोगिता, ४१२ तूच ना?"

"हो मॅडम."

"पुस्तक नेलं होतंस?"

"फेब्रुवारीत नेलं होतं. अभिप्रायपण दिला होता. पण हा माझा नाही, मॅडम. माझा दोन ओळींचा होता."

"मग तो कुठं गेला?"

मॅडम वाईट बाई नव्हेत. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "शुक्रवारी समिती बसणार. तुझा अर्ज कादंबरीतून उचललाय असं ठरलं, तर नोकरी जाईलच. आणि वर असा शेरा पडेल, की दुसरीकडे कुणी उभं करणार नाही."

मी लिहून ठेवते ते खरंच लिहायचं असं ठरवलं आहे, म्हणून हेही लिहिते : त्या क्षणी मीसुद्धा संयोगिताकडे संशयानं पाहिलं. दोन पुरावे, एक वाक्य, तारखा सरळ. माझंही मन निकाल देऊन मोकळं झालं होतं.

मग सवयीनं एक प्रश्न तोंडातून गेला. "मॅडम, पुस्तक वाचलंत का?"

"मला कुठं वेळ असतो गं कादंबऱ्या वाचायला?"

"मग कुणी वाचलंय?"

मॅडमनी संयोगिताकडे पाहिलं, संयोगितानं माझ्याकडे. अख्ख्या डेअरीत त्या चिठ्ठीची चर्चा होती. पुस्तक कुणी उघडलंच नव्हतं.

२

मंगळवारी संध्याकाळी मी ते घरी वाचायला घेतलं. लेखिकेचं नाव नुसतं 'मृगनयना'. पुण्यातली औषधांची कंपनी, सुहास नावाचा साहेब, मिताली नावाची नवी मुलगी. पहिल्या शंभर पानांत सुहास मितालीची ड्यूटी तीनदा बदलतो, एकदाही न विचारता. लेखिका त्याला ओढ म्हणते. आमच्याकडे पाळीचा तक्ता असा बदलला तर कामगार काय म्हणतात ते इथं लिहिता येणार नाही.

पान एकशे एकेचाळीसच्या शेवटी सुहास तिला लसींच्या शीतगृहात नेतो. शेवटची ओळ : "त्याने जाड दार आत ओढून घेतलं आणि". मी पान उलटलं. पुढची ओळ : "दुसऱ्या दिवशी मितालीने निळी साडी नेसली."

मी पुन्हा उलटलं. पान क्रमांक एकशे अठ्ठेचाळीस.

मधली सहा पानं गळाली असतील म्हणून शिवण पाहिली. शिवण शाबूत होती. मग पान बोटांत धरलं तर ते पुठ्ठ्यासारखं जाड लागलं. चार पानं तिन्ही कडांनी एकमेकांना पक्की चिकटवलेली होती. प्रसंगाची सहा पृष्ठं त्यांच्या पोटात होती.

सकाळी डेअरीच्या फाटकातच संयोगिताला गाठलं.

"शीतगृहात काय होतं गं त्या पुस्तकात?"

"मला काय माहीत? तिथं पानंच चिकटल्यात. मला वाटलं बाइंडिंगवाल्यानं घोळ घातला. एकदम निळी साडी. मला तर काय झालं ते कळलंच नाही."

"मग काल का नाही बोललीस?"

"ताई, काल मला माझं नाव विचारलं असतं तरी आठवलं नसतं."

तर मग तीनदा वाचलं कुणी? या प्रतीतून संयोगितानं नक्कीच नाही. पण राजमाने मॅडम काय म्हणतील तेही मला दिसत होतं. पानं उघडून वाचली असतील आणि परत चिकटवली असतील. तसं झालं नव्हतं हे सिद्ध करायला माझ्या हातात दोन दिवस होते.

३

आक्कांचं वाचनालय टायरच्या दुकानावरच्या माडीवर आहे. आक्का पंचाहत्तरच्या पुढच्या, डोक्यावर पदर, समोर कुलूप लावलेली लाकडी पेटी. रीत अशी, की पुस्तक परत करताना वाचकानं अभिप्रायाची चिठ्ठी पेटीत टाकायची. नाव नाही, फक्त क्रमांक, म्हणजे लोक मोकळं लिहितात. आक्का ती पुस्तकाच्या मागच्या खिशात ठेवतात. पुढच्या वाचकाला आधीच्यांचं मत आयतं मिळतं. संयोगिताचं अक्षर तिचं तिलाच लागत नाही, म्हणून ती चिठ्ठ्या डेअरीच्या संगणकावर छापून आणायची. हे डेअरीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"पानं? व्हय, मीच चिकटवली की," आक्का म्हणाल्या.

"तुम्ही? का?"

"का म्हंजे? शाळंतल्या पोरी बी पुस्तकं न्हेत्यात हितनं. सासऱ्यांनी वाचनालय काढलं तवापास्नं रीत हाय. नको ते पान आलं की खळ लावायची. ज्याला लईच ओढ आसंल त्यानं इकत घ्यावं."

खळ म्हणजे मैद्याची. म्हणजे स्टार्च. मला आनंदच झाला. दुधात स्टार्चची भेसळ आहे का ते आम्ही आयोडीननं तपासतो. थेंब टाकला आणि निळं झालं, की स्टार्च आहे. कुणी पानं उघडून ऑफिसच्या डिंकानं परत चिकटवली असतील, तर त्या जागी निळं होणार नाही. छोटी बाटली मी पर्समध्येच आणली होती. कडेवर थेंब टाकला. गडद निळा. मग खात्रीसाठी शेवटच्या कोऱ्या पानावर टाकला.

तेही निळं झालं.

कागद करतानाच त्यात स्टार्च घालतात. ही गोष्ट मला थेंब टाकायच्या आधी आठवायला हवी होती. चाचणी बाद.

"आगं ए शास्त्रीणबाई!" आक्कांनी पुस्तक ओढून घेतलं. "निळ सांडलीस व्हय पुस्तकावर? दंड लावीन!"

"आक्का, पानं मधे कुणी उघडलीत का, तेवढंच बघायचं होतं."

"मग शिक्का बघ की! एवढी शिकलीस, आन् डोळं घरी ठेवलंस?"

त्यांनी पुस्तक आडवं धरलं. चिकटलेल्या पानांच्या बाहेरच्या कडेवर, चारही पानं मिळून एक, असा वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का मारला होता. पान सुटलं की शिक्का फाटणार. परत चिकटवताना रेषा केसभर तरी सरकणारच. डेअरीत नमुन्याच्या बाटलीला आम्ही असंच सील करतो. मी भिंगातून पाहिलं. गोल अखंड होता.

"आन् ही चिठ्ठी पोरीची न्हवं," आक्का चष्म्याआडून वाचत म्हणाल्या. "चिठ्ठ्या मी समद्या वाचते. तिची दोन वळींची हुती. दाराचं कायतरी लिवलंतं."

"दाराचं काय?"

"आता ते न्हाई बा ध्यानात. पर दाराचं हुतं."

"ही मग खिशात आली कशी?"

"कपाटं उघडीच आसत्यात. कुनी बी यावं, चाळावं. काढायला बी येतंय, घालायला बी येतंय."

निघता निघता मी विचारलं, की हे पुस्तक त्यांनी कुठून घेतलं.

"इकत न्हाई घेतलं. लेखिकेनंच टपालानं धाडलं. वाचकांचं अभिप्राय जपून ठेवा म्हून चिठ्ठी हुती संगं." त्यांनी वहीत जपलेलं पाकीट काढलं. आक्का काहीच टाकून देत नाहीत.

पाकिटावर टपालाचा शिक्का होता. पेठ वडगाव.

पेठ वडगावहून आमच्या डेअरीत रोज एक बस भरून माणसं येतात.

४

त्या बसमधल्या दोघांनाच संयोगिताचा वाचक क्रमांक माहीत असण्याची शक्यता होती. पहिला आदर्श, प्रयोगशाळेतला माझा सहकारी. त्यानं दिवाळीत संयोगिताला लग्नाचं विचारलं होतं आणि तिनं नाही म्हटलं होतं. तिची पुस्तकं दोनदा त्यानंच परत नेऊन दिली होती.

"म्हंजे आता माझ्यावर आलं का?" तो बाटल्या विसळत म्हणाला. "अगं, नाही म्हटली ती मला. म्हणून काय तिच्या पोटावर पाय देऊ? आणि मी लिहिलं असतं तर म्हशीच्या डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनसारखं झालं असतं. शेवटचं पुस्तक मी दहावीचं भूगोलाचं वाचलं."

तिथून मी सरळ विजयसिंहांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी हसून खुर्ची दाखवली. त्यांना हसायला काय हरकत होती?

"बसा की सोनम. मैत्रिणीसाठी धडपडताय, चांगलं आहे. पोरगी हुशार आहे हो. पण कादंबऱ्या डोक्यात गेल्या. ती चिठ्ठी कुणी शोधली देव जाणे. मला तर जोतिबाच पावला."

"तुम्ही वाचलंय का ते पुस्तक, सर?"

"मी? मी पेपरातलं राशिभविष्य तेवढं वाचतो." ते मोठ्यानं हसले. आणि एवढ्यापुरतं ते खरं बोलत होते, असं मला वाटलं. ज्याला आपण अडकणारच नाही अशी खात्री असते, तो चिठ्ठ्या कशाला करेल?

केबिनच्या बाहेर मोनाताईंचं टेबल आहे. त्या बसमधल्या दुसऱ्या त्याच. वय तिशीच्या आसपास. वडगावच्या बसनं सहा वर्षं येतात. पत्रं टाइप करणं, प्रिंटर सांभाळणं, पाहुण्यांना चहा, सगळं त्यांच्याकडे. संयोगिताच्या चिठ्ठ्या त्यांच्याच प्रिंटरवर निघायच्या. मला पाहून त्यांनी न मागता चहा पुढं केला.

"काय म्हणाले साहेब?"

"काही नाही. पुस्तक वाचलं नाही म्हणाले. तुम्ही वाचलंय का, मोनाताई?"

"वेळ कुठाय बाई! घर, बस आणि हे टेबल." त्यांनी कपाचा कान माझ्याकडे वळवला. "पण न वाचता लोक उगाच नावं ठेवतात बघ. सुहास काही तसा वाईट नाही."

मी चहा संपवला, कप ठेवला आणि जिन्याकडे गेले. चौथ्या पायरीवर पाय थांबले.

सुहास हे नाव चिठ्ठीत नव्हतं. निनावी पत्रातही नव्हतं. ते फक्त पुस्तकात होतं.

५

पण पुस्तक वाचणं हा गुन्हा नाही. गुरुवारी मी राजमाने मॅडमना एवढीच विनंती केली, की पानं तुमच्यासमोर उघडूया. आक्का स्वतः रिक्षानं डेअरीत आल्या. शिक्का अखंड आहे हे त्यांनी मॅडमना भिंगातून दाखवलं, "मी मारलाय, मला कळतंय," असं तीनदा सांगितलं, आणि मग प्रयोगशाळेतल्या किटलीच्या वाफेवर चार पानं हलक्या हातानं सोडवली.

मॅडम वाचू लागल्या. पहिल्या पानावर त्यांचा आवाज कोरडा होता. तिसऱ्या पानावर त्या थांबल्या, मागं गेल्या, परत वाचू लागल्या. सहावं पान संपल्यावर त्यांनी चिठ्ठी पुस्तकाशेजारी ठेवली.

"सोनम, यात दोरी कुठाय?"

नव्हती. पुस्तकात मिताली भिंतीवरचं लाल बटण दाबते. बटण चालत नाही. घंटा नाही, दोरी नाही. आणि सुहास म्हणतो, "इथे फक्त आपण दोघं." 'आता ऐकायला कुणी नाही' हे वाक्य सहा पानांत कुठंही नव्हतं.

म्हणजे चिठ्ठी लिहिणाऱ्यानं पुस्तकाची स्तुती करताना पुस्तकात नसलेलं लिहिलं होतं. आणि अर्जही पुस्तकातून उचललेला असणं शक्य नव्हतं, कारण ते वाक्य पुस्तकात नव्हतंच.

"मग ही दोरी आली कुठून?" मॅडम जवळजवळ ओरडल्या.

दारात नमुन्यांचा ट्रे घेऊन कृष्णात मामा उभे होते. कोल्डरूमच्या दारावरचे आमचे सगळ्यात जुने कामगार. "कुठली दोरी? घंटंची व्हय? ती आपल्या जुन्या कोल्डरूमची की."

तिघीही वळलो.

"दोन वर्सं झाली नवी रूम बांधून. तिला बटान आन् दिवा हाय. जुनीला आतनं दोरी हुती. कुनी आत आडकलं तर वढायची, भाईर माझ्या स्टुलापाशी घंटा वाजायची. रूम पाडली तवा घंटा मी घरी न्हेली. आता माझ्या म्हशीच्या गळ्यात हाय."

"मामा," मी म्हटलं, "दोरी ओढली आणि घंटा वाजलीच नाही, असं कधी झालं होतं?"

मामांनी ट्रे खाली ठेवला.

"एकदा. तीन वर्सामागं. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या आदल्या दिशी. मी च्या पिऊन आलो तर दोरी घंटंपास्नं सुटल्याली. सुटल्याली न्हवं, सोडल्याली. गाठ मी सोता मारल्याली, ती आपसूक सुटत न्हाई. परत बांधली."

"आणि कुणाला सांगितलं नाही?" मॅडम म्हणाल्या.

"कुनी इचारलं न्हाई, मॅडम."

कोल्डरूममध्ये जाणारा माणूस दाराच्या वहीत नाव आणि वेळ लिहितो. जुन्या वह्या गोदामात होत्या. तीन वर्षांपूर्वीच्या चैत्री पौर्णिमेच्या आदल्या दिवसाचं पान काढायला मला दहा मिनिटं लागली.

आत, ४.१० : विजयसिंह, मोना. बाहेर, ४.३५ : विजयसिंह. बाहेर, ४.५० : मोना.

त्या पंधरा मिनिटांकडे मी पाहत राहिले. तो निघून गेल्यावर, दार उघडं असताना, ती चार अंशांत एकटी पंधरा मिनिटं आत थांबली होती. बाहेर येण्याजोगा चेहरा करायला तिला तेवढा वेळ लागला होता.

६

शुक्रवारी वडगावची बस आली. मी मोनाताईंना फाटकापासून बाजूला, रिकाम्या कॅनच्या शेडमध्ये नेलं. वही दाखवली नाही. आधी चिठ्ठी दाखवली.

"यात दोरी आहे, मोनाताई. पुस्तकात बटण आहे."

त्यांनी चिठ्ठी हातात घेतली आणि स्वतःचंच लिखाण पहिल्यांदा वाचावं तशी वाचली.

"दोरी लिहिली मी?"

"हो."

"पुस्तकातपण आधी दोरीच होती. प्रकाशक म्हणाला, औषधांच्या कंपनीत घंटा खेडवळ वाटते. म्हणून बटण केलं." त्या कॅनवर बसल्या. "पुस्तकात काय केलं ते विसरले बघ. ते दुसरं नाही विसरले."

"मृगनयना तुम्हीच."

त्यांनी मान हलवली. ती वर-खाली होती की आडवी, मला कळलं नाही, पण नकार नव्हता.

"एक सांगा. संयोगिताचा अर्ज बंद पाकिटात होता, मॅडमच्या कपाटात. तो तुम्ही कुठं वाचलात?"

"मी कुठं वाचला? कोल्डरूमचं काहीतरी आहे, एवढंच कॅन्टीनमध्ये ऐकलं. म्हटलं, अशी चिठ्ठी ठेवली की वाटेल, हिनं पुस्तकातनं घेतलं. मागची तारीख घातली. पत्रपण मीच टाकलं."

"मग ते वाक्य? 'आता ऐकायला कुणी नाही'?"

"ते तर साहेब मला म्हणाले होते. पुस्तकात घालायला हात धजला नाही. चिठ्ठीत कसं उतरलं कुणास ठाऊक." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "का?"

इतके दिवस आम्ही सगळे धरून चाललो होतो, की दोन कागदांवर एकच वाक्य आहे म्हणजे एकीनं दुसरीचं उचललं. दोघींनीही उचललं नव्हतं. वाक्य एक होतं, कारण माणूस एक होता.

"सोनम, का विचारतेस?"

"अर्जातपण तेच वाक्य आहे. शब्द न् शब्द."

त्यांचा हात कॅनच्या झाकणावर होता. झाकण खडखडायला लागलं, तेव्हा मला कळलं की हात थरथरतोय. एकवीस मार्चला संयोगिता थरथरत होती, अगदी तसा.

"तिलापण?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं ते फक्त मला..." त्यांनी झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं. "तिचं ते तसं असेल, तर माझं काय होतं, सांग की. तीन वर्षं मी त्याला प्रेम म्हटलं. पुस्तक लिहिलं गं. लोकांनी गोड म्हटलं. शनिवारी शनिवारी जाऊन मी आक्कांच्या कपाटातल्या चिठ्ठ्या वाचत होते, गोड म्हटलंय का बघायला. सगळ्यांनी म्हटलं. एकीनं नाही."

त्यांनी पर्सच्या आतल्या कप्प्यातून आठ घड्या घातलेला कागद काढून उलगडला. संयोगिताची खरी चिठ्ठी. छापलेली, दोन ओळींची, खाली ४१२.

"फाडायला चारदा काढली," त्या म्हणाल्या. "फाटली नाही माझ्याच्यानं."

मी ती तिथं वाचली नाही. "अकरा वाजता समिती बसणार आहे. मी वही दाखवणार, मामा बोलणार, आक्का येणार. संयोगिताची नोकरी बहुतेक वाचेल. पण दोरी ओढली तेव्हा आत कोण होतं, ते तुम्हीच सांगू शकता."

"आणि मी खोटी चिठ्ठी केली त्याचं?"

"तेही तुम्हीच सांगायचं."

अकराला पाच मिनिटं असताना त्या समितीच्या खोलीत आल्या. विजयसिंह पाय पसरून बसले होते. मोनाताई चहा घेऊन आल्या असतील असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी टेबलावर जागा केली. मोनाताईंनी तिथं दोन्ही चिठ्ठ्या ठेवल्या.

त्यांचं सांगणं चाळीस मिनिटं चाललं. राजमाने मॅडमनी एकदाही अडवलं नाही. खोट्या चिठ्ठीचं आलं तेव्हा मोनाताई संयोगिताकडे न बघता म्हणाल्या, "काय शिक्षा असेल ती लिहा. पण आधी तिचं लिहा." संयोगितानं आपल्या पुढ्यातला पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. विजयसिंह एकदा उठून काही बोलायला गेले, तर दारात उभे असलेले कृष्णात मामा म्हणाले, "बसा की सायब. आता ऐकायला समदी हाईत."

संयोगिताचा अर्ज खरा धरला गेला. विजयसिंहांना त्याच दिवशी कामावरून दूर केलं. मोनाताईंच्या चिठ्ठीची चौकशी वेगळी लागली.

शनिवारी मी पुस्तक परत करायला शाहूपुरीत गेले. आक्कांनी निळ्या डागाचा दंड खरंच घेतला. मग सुटी झालेली चार पानं बोटांनी सरळ करत विचारलं, "काय गं, लावू का परत खळ?"

"नको आक्का. राहू देत उघडीच."

समितीनं नक्कल ठेवून परत दिलेली संयोगिताची चिठ्ठी मागच्या खिशात होती. मी ती तिथं, खिडकीपाशी उभी राहून वाचली.

"नायक इतका चांगला आहे, तर नायिका प्रत्येक भेटीत दाराकडे का बघते? लेखिकेला काहीतरी माहीत आहे, ते ती आपल्याला सांगत नाही. ४१२."

मी पुस्तक पहिल्या पानापासून चाळलं आणि मोजलं. मिताली दाराकडे अकरा वेळा बघते. मी अख्खं पुस्तक वाचलं होतं, भिंग लावलं होतं, आयोडीन टाकलं होतं, आणि हे मला दिसलं नव्हतं.

आक्कांनी पेटीतून आणखी एक चिठ्ठी काढून खिशात घातली. त्याच सकाळी टाकलेली, हातानं लिहिलेली. क्रमांकाच्या जागी खरं नाव होतं : मोना. खाली एकच ओळ.

"४१२ यांचं बरोबर आहे. ही प्रेमकथा नाही."